खालचं पाणी

आमच्या घरात मीठ बघायचं काम माझ्याकडे होतं. आमटी उकळायला लागली की आई चुलीपासून जरा बाजूला सरकायची, पळीभर आमटी वाटीत काढून माझ्यापुढे धरायची आणि म्हणायची, मीठ बग. मी फुंकर मारून घोट घ्यायचे, हवं असलं तर अजून चिमूटभर सांगायचे, आणि मगच ती आमटी खाली उतरायची. मला शाळेतून यायला उशीर झाला तर आमटी माझ्यासाठी थांबायची, बाबा पाटावर बसून राहायचे, पण आई काही स्वतः चाखायची नाही. लग्न होऊन मी सासरी गेले तेव्हा सासूबाईंना माझ्या हातच्या मिठाचं फार कौतुक वाटलं. आईने शिकवलं असणार, असं त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. एवढी लांबण कोण लावणार? आता घरात ऐकणारं कुणी नाही आणि वेळ भरपूर आहे, म्हणून लावते आहे.

आमचं गाव खाडीच्या काठाला, पाम गावापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. वाडी म्हणजे आमच्याकडे बाग. नारळ, केळी, चिकू आणि या सगळ्यांच्या सावलीत पानवेली. विड्याच्या पानांच्या. आमचं घर या पानांवर चालायचं. पानवेलीइतकं नखरेल पीक मी दुसरं पाहिलं नाही. तिला ऊन चालत नाही, वारा चालत नाही, पाणी साचलेलं चालत नाही आणि पाण्यावाचून दोन दिवस निघत नाहीत. वेलींमध्ये चपला घालून गेलेलं चालायचं नाही. बायका अंगठ्याला पत्र्याचं नख लावून पानं खुडायच्या, बाबा केळीच्या सोपटाने, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीने, वेल बांबूला बांधायचे, आणि ती गाठ अशी की वेलीला कळतासुद्धा नये. आमचे बाबा बोलायला फार कमी. वेलींशी मात्र पुटपुटत असायचे. आई म्हणायची, माझ्या वाटणीचं बोलणं त्या पानांनी खाल्लं.

वाडीच्या मधोमध बावखल होतं. बावखल म्हणजे विहिरीहून मोठं आणि तळ्याहून लहान असं गोड्या पाण्याचं डबकं, आमच्या पणज्या-खापरपणज्यांनी खणलेलं. त्यावर रहाट होता. रहाटाला मडक्यांची माळ, ती फिरवायला एक रेडा, त्याचं नाव राजा, आणि राजाला हाकायला कधी बाबा, कधी मी. माळ फिरली की मडकी पालथी होऊन पन्हळीत पाणी ओतायची आणि पन्हळीतून ते पाटाने वेलींत जायचं. रहाटाची कुरकुर पहाटे सुरू व्हायची ती ऊन तापेपर्यंत. त्या आवाजाशिवाय मला अभ्यास सुचायचा नाही. स्वयंपाकाचं पाणीही आई त्या पन्हळीखालीच कळशी लावून भरायची. पन्हळ ओटीपासून चार पावलांवर असताना दुसरीकडे कोण जाईल?

आणि नदी होती. नदीला नाव आहे, कागदावर तरी आहे. आम्ही तिला नदीच म्हणायचो, कारण दुसरी नदी आम्हाला लागतच नव्हती. मनोरच्या बाजूच्या टेकड्यांतून निघून, भातशेतांतून वळणं घेत ती आमच्या गावाशी खाडीला मिळायची. खाडीचं खारं पाणी शेतांत आणि वाड्यांत शिरू नये म्हणून काठाने मातीचा बांध होता आणि बांधात एका ठिकाणी लाकडी फळ्यांचं दार होतं. त्याला उघाडी म्हणतात. वर्षभर फळ्यांच्या फटी माती आणि पेंढा भरून बंद असायच्या. उघाडी उघडायची वर्षातून एकदा, हस्ताच्या पावसात. आमच्याकडे हस्ताला हत्ती म्हणतात. पावसाळा संपता संपता हत्ती गडगडून पडला की टेकड्यांतली माती घेऊन नदी तांबडीलाल व्हायची. तिकडून समुद्राला भरती आली की या पाण्याला पुढे जायला वाट मिळायची नाही, ते फुगून आमच्या बांधाला टेकायचं. नदीला जोरच एवढा की भरती असूनही बांधापाशी पाणी नदीचंच असायचं, गढूळ आणि गोडं. ते उघाडीतून आत घ्यायचं, चरांनी सगळ्यांच्या बावखलांत भरून घ्यायचं, आणि काठोकाठ झालं की फळ्या पुन्हा बसवायच्या. पुढचे आठ महिने वाड्या त्या पाण्यावर. खाली बसलेला गाळ उन्हाळ्यात टोपल्यांनी काढून वेलींच्या मुळाशी घालायचा. आमच्या पानांची चव त्या गाळाची होती, असं बाबा म्हणायचे.

उघाडी उघडायचा मान आप्पाकाकांचा, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचा. नारळ फोडायचा, आमच्या वाडीतल्या पानांचा विडा पाण्यात सोडायचा, आणि मग फळी काढायची. त्या दिवशी एक दंडक होता. पाणी चाखायचं नाही. एरवी खाडीकाठच्या माणसाचा हात पाण्यात गेला की बोट तोंडात जातंच, ती आम्हाला खोडच होती. पण तांबडं पाणी नदी स्वतः घेऊन आलेली, तिची परीक्षा घ्यायची नाही. घरी आलेल्या पाहुण्याने खाऊ आणला तर तो त्याच्या तोंडावर हुंगून बघतो का आपण, असं आप्पाकाका विचारायचे. रंग बघायचा आणि फळी उचलायची. इतकी वर्षं त्यात कधी काही चुकलं नव्हतं.

वर टेकड्यांत धरण बांधायला घेतलं तेव्हा आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. धरण म्हणण्याएवढं मोठं नव्हतंच, पण नदी तरी कुठे मोठी होती. बोईसरला कारखाने उभे राहत होते, तारापूरच्या बाजूला वसाहती होत होत्या, त्यांना पाणी हवं होतं. गावात उलट उत्साह होता. धरणावरचे एक सुपरवायझर आमच्याकडे पानं न्यायला यायचे. देशावरचे होते, जाड मिशा आणि मऊ बोलणं. आमच्या ओटीवर बसून चहा प्यायचे आणि आईच्या हातच्या तांदळाच्या भाकरीची स्तुती करायचे. त्यांनीच एकदा सांगितलं की भिंत पुरी झाली, यंदा पाणी अडवून तळं भरून घेणार, पुढल्या वर्षापासून नदी पूर्ववत. बाबांनी विचारलं की हत्तीचं पाणी येईल ना. ते म्हणाले, पाऊस कोण अडवणार. ते खोटं बोलत नव्हते. त्यांनाही तेवढंच माहीत असावं.

त्याच वर्षी मृगात ते एक गोणपाट घेऊन आले. त्यात मासे. पावसाच्या सुरुवातीला मासे अंडी घालायला नदीने वर चढतात, त्याला आमच्याकडे वलगण म्हणतात. एरवी आमच्या गावची माणसं ओढ्याओढ्यांत थोडे थोडे पकडायची. त्या वर्षी वर चढलेले मासे भिंतीपाशी अडले आणि तिथे नुसता खच पडला होता, मजूर हातांनी उचलत होते. सुपरवायझर खुशीत होते. आईने मासे साफ केले. एकूणएक मादी, पोटात गाबोळी गच्च. आम्ही सगळे पोटभर जेवलो, राजाच्या गोठ्यापर्यंत वास गेला असेल. फार चवदार जेवण होतं, अजून आठवतं. ते मासे पुढे कधी परत आले नाहीत. पण जेवताना असलं काही कुणाच्या मनात येत नाही.

मग पावसाळा झाला, आणि पाऊस चांगला झाला. नदी मात्र तळाला पडून राहिली. दोन्ही काठांना ओली माती दिसायची आणि मध्ये कसंबसं वाहणारं पाणी. भरतीला खाडी नदीच्या पात्रातून आमच्या बांधाच्याही पुढे, पार वरच्या केवड्याच्या बनापर्यंत चढायला लागली. म्हातारी माणसं काठावर उभी राहून बघायची आणि तळं भरतंय म्हणायची. बाजूच्या टेकडीवर पाइपलाइनसाठी चर खणले होते, त्याच्या तांबड्या मातीचे ढीग नदीकाठाने पडले होते. हस्त लागला आणि कोरडाच चालला. बावखल अर्ध्यावर होतं. आप्पाकाका रोज दुपारी बांधावर जाऊन बसायचे. बाबा वेलींशीही बोलेनासे झाले होते.

नक्षत्र सरता सरता एक दिवस गडगडलं आणि आमच्या भोवतीच्या टेकड्यांवर जोराची सर पडून गेली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या भरतीला पोरं ओरडत आली की तांबडं आलं. सगळं गाव बांधावर. मीही गेले, आईच्या हातात नारळाचं ताट होतं. पाणी तांबडं होतं, यात शंका नाही. अगदी पाहिजे तसं तांबडं. पण बाबा नुसते बघत राहिले. पाणी पातळ दिसतंय, असं ते हळूच आप्पाकाकांना म्हणाले. ही भरती गेली असती तर नक्षत्र संपलं असतं, आणि अर्ध्या बावखलावर वेली उन्हाळ्यापर्यंत जगल्या नसत्या. उघडायचं तर आज, एवढं मलाही कळत होतं. पाणी बांधाला लागून हळूहळू वर चढत होतं आणि बाप्ये एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे होते.

तेव्हा आई पुढे झाली. ताट माझ्या हातात दिलं, उघाडीच्या दगडावर बसली, ओंजळ पाण्यात घातली आणि चाखलं. कुणी तरी मागून हं केलं, दंडक मोडला म्हणून. तिने पुन्हा एकदा ओंजळ भरली, पुन्हा चाखलं, आणि मान वर करून आप्पाकाकांना म्हणाली, "गोडं हाय. उगडा."

आप्पाकाकांनी फळ्या काढल्या. पाणी खळाळत आत आलं आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांवरचा ताण उतरला. संध्याकाळपर्यंत बावखल काठोकाठ भरलं. राजाला गूळ मिळाला. आईने त्या दिवशी ओल्या नारळाचा भात केला, आणि दंडक मोडल्याबद्दल आप्पाकाकूने तिला चारचौघांत चिडवलं, की नदीची सासू झालीस. आई हसत होती. तिला इतकं हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

थंडी पडली. त्या वर्षीची थंडी मला वेगळी आठवते, कारण दंव पडलं नाही. आमच्याकडे हिवाळ्यात सकाळी नदीवर धुकं बसायचं आणि वाडीवर दंव. पानांवरून ते टपटप गळायचं, वाडीत शिरलं की परकर भिजायचा. पान त्यानेच लुसलुशीत व्हायचं. त्या हिवाळ्यात नदीत पाणीच नव्हतं, धुकं कशातून येणार? टेकड्यांकडून पहाटे वारा यायचा तो कोरडा, ओठ फुटायचे. सुपरवायझर सांगत होते की वर तळ्यावर आता सकाळी इतकं धुकं असतं की माणूस माणसाला दिसत नाही. आमचं दंव वर गेलं, असं बाबा म्हणाले. हे त्यांनी गमतीने म्हटलं की काय, ते मला तेव्हा कळलं नाही. आज मी बोईसरजवळ सरावलीला एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते, इथून कारखान्यांचे दिवे दिसतात, आणि पौष महिन्यातही पंखा लावावा लागतो. लोक म्हणतात, सगळीकडेच हवा बदलली. बदलली असेल. आमच्या वाडीत ती त्या वर्षी बदलली, एवढं मी सांगू शकते.

दंव नाही म्हणून वेलींना पाणी जास्त द्यावं लागलं. बावखल दरवर्षीपेक्षा लवकर खाली गेलं. रहाटाची मडकी वरचंच पाणी उचलतात, ते खाली गेलं की माळेला आणखी मडकी जोडून ती लांब करावी लागते. दरवर्षी हे काम शिमग्याच्या सुमाराला निघायचं, त्या वर्षी पौषातच निघालं. बाबांनी एका दुपारी माळ लांबवली. दुसऱ्या दिवशी सकाळी रहाट फिरला, वेलींना पाणी गेलं, आईने पन्हळीखाली कळशी भरली आणि तूरडाळ शिजायला घातली. पिण्याचं पाणी माठातलं, आदल्या दिवशीचं, म्हणून कुणाला काही कळलं नाही. डाळ काही शिजेना. आई चुलीत लाकडं सारत होती आणि डाळीला नावं ठेवत होती. शेवटी तशीच अर्धीकच्ची घोटून तिने फोडणी दिली. बाबा जेवायला बसले, तिने भातावर आमटी वाढली, आणि तेवढ्यात तिला आठवलं म्हणून ती मिठाचा सट घ्यायला वळली.

बाबांनी एक घास खाल्ला आणि सहज म्हणाले, "आमटी खारट झाली."

आई सट हातात घेऊन तशीच उभी राहिली. "मी अजून घातलंच नाय," ती म्हणाली.

मी माझ्या पानातला भात कालवत होते. मग बाबा उष्ट्या हाताने उठले, चालत बावखलाकडे गेले, धोतर खोचलं आणि पाण्यात उतरले. त्यांनी बुडी मारली. वर आले आणि तोंडातलं पाणी थुंकले. पुन्हा मधोमध जाऊन बुडी मारली, पुन्हा थुंकले. बाजूच्या वाडीतून आप्पाकाका धावत आले. वरचं अजून गोडसर होतं, खाली नुसती खाडी होती. हत्तीच्या त्या भरतीला वरून आलं ते नदीचं नव्हतंच. टेकडीवरच्या सरीने पाइपलाइनच्या ढिगांची माती धुऊन आणली होती, त्या तांबड्या पाण्याचा पातळसा थर खाडीच्या पाण्यावर तरंगत आमच्या बांधापर्यंत आला होता. नदीला जोर असता तर तिने खाऱ्याला मागे रेटलं असतं. जोर नव्हता. आम्ही वरचा रंग बघितला, वरचं पाणी चाखलं आणि खालच्याला घरात घेतलं. खारं पाणी जड, ते तळाला जाऊन तीन महिने गप बसून राहिलं.

माझा मुलगा शाळेत असताना त्याने विज्ञान प्रदर्शनासाठी एक प्रयोग केला होता. काचेच्या पेल्यात मिठाचं पाणी, त्यावर चमच्याच्या पाठीवरून हळूच ओतलेलं रंगीत साधं पाणी. दोन्ही मिसळत नाहीत, एकावर एक राहतात. आई बघ कशी गंमत, असं म्हणून त्याने मला स्वयंपाकघरातून बोलावलं. मी बघितली. छान आहे म्हटलं आणि पोळ्या करायला परत गेले. मला काहीच वाटलं नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं माझं या सगळ्याबाबतीत झालेलं आहे. रडू यावं असं पुष्कळदा वाटलं, ते आलं नाही.

आठवडाभरात पानांच्या कडा करपल्या. बाबांनी ओहोटीला चर खणून बावखल रिकामं करून बघितलं, पण माती मीठ पिऊन बसली होती. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा वेली लावल्या. पुढच्या वर्षी नदी पूर्ववत होणार होती. तोवर कारखाने सुरू झाले, आणि हस्तात पाणी सोडण्याइतकं तळ्यात शिल्लक राहत नाही असं सुपरवायझरांनी खाली मान घालून सांगितलं. त्यानंतर ते आमच्याकडे फारसे आले नाहीत, आणि न्यायला पानंही नव्हती. दुसऱ्यांदा लावलेल्या वेलीही गेल्या. तेव्हा बाबांनी त्या कापल्या नाहीत. एकेका बांबूपाशी बसून केळीच्या सोपटाच्या गाठी सोडवल्या आणि वाळलेली वेल हळूच जमिनीवर ठेवली. हे काम किती तरी दिवस चाललं होतं. मी शाळेत जाताना ते एका कोपऱ्यात दिसायचे, येताना दुसऱ्या. राजाला आप्पाकाका घेऊन गेले आणि रहाट बंद पडला. मला अभ्यास सुचेना, आणि कुणाला सांगावं तर कारण हास्यास्पद होतं.

आईला कुणी दोष दिला नाही. हे लिहून ठेवते, कारण लोकांना वाटतं की गाव बोललं असेल. कुणी बोललं नाही. आप्पाकाका भेटेल त्याला सांगत राहिले की पाणी तांबडं होतं. आप्पाकाकू नेहमीसारखी यायची, फक्त चिडवायची बंद झाली. आमच्या घरात हा विषय एकदाच निघाला. बाबा ओटीवर सोडवून आणलेली सोपटं गुंडाळत बसले होते आणि आई दारात उभी होती.

"मी गोडं सांगितलं," ती म्हणाली.

"गोडंच होतं," बाबा म्हणाले.

ते खरं तेच बोलले. त्यांनी ओंजळ घेतली असती तरी त्यांना ते गोडंच लागलं असतं. पण तिला ते समजूत काढल्यासारखं वाटलं असणार. त्या दिवसापासून तिने चाखणं सोडलं. व्रत वगैरे घेतलं असं नाही, तसं ती कधी म्हणालीही नाही. नुसती वाटी माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, मीठ बग. मी बघितलं.

बाबा पुढे एका वसाहतीत माळी म्हणून लागले. तिथे साहेबांच्या बंगल्यांपुढे हिरवळ होती आणि तिला रबरी नळीने पाणी घालायचं काम होतं. ते पाणी कुठलं, ते त्यांना माहीत होतं. मी एकदा डबा द्यायला गेले तर ते नळी धरून उभे होते, काही पुटपुटत नव्हते. आमच्या वाडीत चिकू तेवढा तगला, त्याला खाऱ्याचं तितकं वावडं नाही. शेतांत खाऱ्या पाण्यातली तिवरं उगवली, आता तिथे बगळे बसतात आणि लोक फोटो काढतात. पलीकडे किनाऱ्यावरची सुरूच्या झाडांची रांग समुद्राने नेली. नदी वाळू आणायची थांबली म्हणून, असं कुणी तरी मला समजावलं. असेलही. त्या रांगेखाली आम्ही शिमग्याला खेळायचो.

बाबा गेल्यावर आई माझ्याकडे सरावलीला आली. तिला लिफ्टची भीती नव्हती, टीव्हीचं वेड नव्हतं, काही मागायची नाही. खिडकीत बसून खाली कामगारांच्या पाळ्या सुटताना बघायची. स्वयंपाक मला करू द्यायची नाही, पण मीठ बघायला मलाच हाक. माझ्या डोक्यावर पांढरे केस आले होते आणि मी ओट्यापाशी उभी राहून आमटीचा घोट घेऊन सांगत होते, अजून चिमूटभर. आमच्या इमारतीला तेव्हा टँकरचं पाणी होतं. मग एका वर्षी वरच्या धरणाची लाइन आमच्यापर्यंत आली. एक दिवसाआड सकाळी नळ यायचा. पहिल्या दिवशी सगळ्या मजल्यांवर बायका बादल्या घेऊन तयार, हिंदीत मराठीत नुसता गलका चालला होता. मी हंडा भरून ओट्यावर ठेवला. आई काठी टेकत आली आणि हे कुठलं पाणी म्हणून तिने विचारलं. मी सांगितलं, आपल्या नदीचं.

ती हंड्यापाशी उभी राहिली. काठी भिंतीला लावली. मग ओंजळ हंड्यात घातली आणि पाणी तोंडाला लावलं. माझ्या लहानपणानंतर मी तिला काही चाखताना पहिल्यांदा बघत होते. माझ्या हातातली कळशी मी तशीच धरून ठेवली.

"गोडं हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "खालचं बग."

मी कळशी खाली ठेवली, बाही वर केली आणि हात कोपरापर्यंत हंड्यात घातला. तळाशी मूठ उघडून पाणी धरलं, ते निसटू न देता वर आणायचा प्रयत्न केला, जेवढं आलं तेवढं प्यायले. तिचं सगळं लक्ष माझ्या तोंडाकडे होतं. मी सांगितलं की खालचंही गोडंच आहे.

"नीट बगितलंस ना?"

मी पुन्हा हात घातला आणि पुन्हा चाखलं. गोडं होतं.

आईने पदराला हात पुसले आणि शेगडीवर आमटी उकळत होती तिकडे गेली. मी सवयीने वाटी घ्यायला हात पुढे केला, तर म्हणाली, ऱ्हाऊ दे. डब्यातून मीठ घेतलं, घातलं, पळी फिरवली, स्वतः घोट घेतला, आणि थोडा विचार करून आणखी घातलं. मग दोन ताटं वाढली.

आमटी खारट झाली होती. मी भातावर आणखी मागून घेतली.